बंपरला बंपर, पृथ्वीच्या आरपार

मर्सिडीजने १९७६ ते १९८६ या दहा वर्षांत डब्ल्यू १२३ मालिकेच्या २६ लाख ९६ हजार ९१४ गाड्या बनवल्या. सेदानची लांबी ४.७२५ मीटर. गुणाकार केला की उत्तर येतं १२,७४३ किलोमीटर, आणि पृथ्वीचा सरासरी व्यास आहे १२,७४२ किलोमीटर. म्हणजे इंदूरच्या राजवाड्यासमोर सरळ खाली भोक पाडलं आणि या सगळ्या गाड्या बंपरला बंपर लावून त्यात सोडल्या, तर पहिली गाडी पलीकडे प्रशांत महासागरात, ईस्टर बेटापासून सातशेएक किलोमीटरवर, तोंड वर काढील. तेव्हा शेवटची राजवाड्यासमोर उभी असेल आणि ट्रॅफिकवाला तिचं चलान फाडत असेल. कूपे थोडी आखूड होती आणि लिमोझिन थोडी लांब, म्हणून तोही हिशोब करून पाहिला. दोघी एकमेकींची कसर भरून काढतात, उत्तर हलत नाही.

कामाचे दिवस वर्षाला अडीचशे धरले, तर रोज हजारावर गाड्या कारखान्याबाहेर पडत होत्या. तरी सुरुवातीला मागणी एवढी होती की जर्मनीत वापरलेली डब्ल्यू १२३ नव्या गाडीच्या भावाने विकली जाई, कारण नव्यासाठी थांबावं लागे आणि जुनी दारात मिळे. आपल्याकडे बजाज स्कूटरच्या नंबराचा काळाबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

माझ्या मावसभावाकडे, रामबागेतल्या दादाकडे, या २६ लाख ९६ हजार ९१४ मधली एक आहे. १९८५ ची २४० डी. मूळची दिल्लीतल्या एका दूतावासाची. त्या काळी परदेशी वकिलातींच्या जुन्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन लिलावात विकत असे. त्या लिलावातून ती एका व्यापाऱ्याकडे गेली आणि त्याच्याकडून दादाच्या वडिलांकडे आली. रंग हस्तिदंती. हा रंग दादाला फार राजेशाही वाटतो. त्याला मी आजवर सांगितलेलं नाही की जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीला नेमका हाच रंग ठरवून दिलेला होता. मुंबईत ज्या गाडीतून सिनेनट आणि मंत्री उतरत, ती स्टुटगार्टच्या स्टेशनाबाहेर मीटर टाकून उभी असे.

आता तिची ताकद. चार सिलिंडर, २,३९९ घन सेंटिमीटर, ७२ अश्वशक्ती. आजच्या साध्या हॅचबॅकलाही ऐंशी असतात. थांबलेल्या गाडीला ताशी शंभरचा वेग गाठायला २२ सेकंद लागतात, तेही रस्ता सपाट असेल आणि मागे वहिनीकडची मंडळी बसलेली नसतील तर. जास्तीत जास्त वेग ताशी १४३. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा जो वेगाचा ट्रॅक २०२१ साली प्रकाश जावडेकरांच्या हस्ते सुरू झाला, त्याची एक फेरी ११.३ किलोमीटरची आहे. आशियातला सर्वांत लांब, आणि त्याची वळणं ताशी ३७५ पर्यंतच्या वेगासाठी बांधलेली. दादाची गाडी तिथे जीव तोडून पळाली तरी एका फेरीला पावणेपाच मिनिटं लागतील. वेगाच्या आकड्यांनी कुणाला थक्क करायचं असेल तर ही गाडी कामाची नाही. तिचे डोळे फिरवणारे आकडे आहेत ते सगळे बॉनेटखाली.

चौथ्या गिअरमध्ये ही गाडी एक किलोमीटर जाते तेव्हा इंजिन सुमारे १,९०० वेळा फिरतं. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन ९२.४ मिलिमीटर वर जातो आणि तेवढाच खाली येतो. म्हणजे रस्त्यावर एक किलोमीटर झाला की चारही पिस्टन आपापल्या नळकांड्यात प्रत्येकी ३५१ मीटर धावलेले असतात, बाहेर कुठेही न जाता. वर टोकाला पोहोचला की पिस्टन पूर्ण थांबतो, उलटा फिरतो, खाली जाऊन पुन्हा थांबतो. ताशी ६० च्या निवांत वेगातसुद्धा हे थांबणं सेकंदाला ६३ वेळा घडतं. दादाच्या गाडीने तीन लाख किलोमीटर पार केले आहेत. त्यातला प्रत्येक पिस्टन आतल्या आत एक लाख पाच हजार किलोमीटर चालून आला, म्हणजे विषुववृत्ताला अडीच प्रदक्षिणा झाल्या आणि वर थोडे.

स्फोट किती झाले? किलोमीटरला ३,८००, तीन लाख किलोमीटरला ११४ कोटी. मिनिटाला ७२ ठोके धरले तर माणसाचं हृदय तेवढे ठोके तीस वर्षांत घालतं. फरक इतकाच की इथला प्रत्येक ठोका म्हणजे आग आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली ६३० घन सेंटिमीटर हवा दाबून ३० घन सेंटिमीटरात कोंबतात, एकवीसास एक. एवढ्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेल उडवलं की ते आपसूक पेटतं. उडवायचं किती? गाडी लिटरला १२ किलोमीटर देते असं धरून भागाकार केला तर एका स्फोटाच्या वाट्याला ०.०२२ मिलिलिटर येतं, पाण्याच्या थेंबाच्या निम्म्याहून कमी. एवढासा तुषार, शंभर बारहून जास्त दाबाने, ताशी ६० ला सेकंदातून ६३ वेळा, चार सिलिंडरांना पाळीपाळीने. हे वाटप जो पंप करतो त्याच्या प्लंजर आणि बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड. पंपवाले मिस्त्री फिल्टरच्या बाबतीत सोवळं का पाळतात, ते यावरून कळावं.

एकदा हे सुरू झालं की त्याला विजेचीही गरज नसते. हीटर प्लग तापवून इंजिन चालू केलं की बॅटरी काढून ओट्यावर ठेवा, ते चालतच राहतं. बंद कसं करायचं हाच खरा प्रश्न. किल्ली फिरवली की एक व्हॅक्यूमची नळी पंपाला गप्प बसवते, पण चाळीस वर्षांच्या रबराला कुठेतरी चीर गेलेली असते. मग किल्ली हातात, माणूस खाली उतरलेला, आणि गाडी दारात धडधडतेय, असा देखावा होतो. जर्मनांना हे ठाऊक असावं, कारण पंपावर एक छोटा दांडा आहे आणि त्यावर ‘स्टॉप’ असं कोरलेलं आहे. दादाने पाहुण्यांसमोर बॉनेट उघडून तो दांडा इतक्या सराईतपणे दाबला आहे की पाहुण्यांना ती गाडीची मुद्दाम दिलेली सोय वाटते. दारांची कुलपंही व्हॅक्यूमवरच चालतात, तेव्हा एक नळी गळली की घरातल्या भांडणासारखं सगळं एकदम अबोल होतं.

आणि टॅपेट. वाल्वला उघडझाप करायला थोडी मोकळीक लागते. थंड इंजिनात इनटेकला ०.१० मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.३०. दहा शतांश म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी फट. छोटी ग्वालटोलीच्या मागच्या गल्लीतला मिस्त्री ती फिलर गेजने बघतो, पण खरा निकाल त्याच्या बोटांचा असतो. पत्ती घालून ओढताना ती किंचित अडली पाहिजे, निसटता कामा नये आणि घासता कामा नये. गाडी एक किलोमीटर जाते तेव्हा प्रत्येक वाल्व ९५० वेळा उघडतो. तीन लाख किलोमीटरमध्ये साडेअठ्ठावीस कोटी वेळा, आणि वाल्व आठ. त्या कागदाएवढ्या फटीचा हिशोब चुकला तर इंजिनाचा आवाज आधी बदलतो, मग धूर, मग दम. हे सगळं माझ्यासारख्याला पुस्तकातून कळतं आणि मिस्त्रीला बॉनेट न उघडता कळतं.

याच मिस्त्रीने गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा झाकण काढून थोडा वेळ नुसता बघत राहिला आणि म्हणाला, “भिया, ये तो अपनी ट्रॅक्स का इंजन है।”

दादाला राग आला होता. पण मिस्त्री बरोबर होता, आणि माझ्या मते या गाडीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा हे वाक्य मोठं आहे. २४० डी च्या इंजिनाचं कारखान्यातलं नाव ओएम ६१६. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी हँबुर्गच्या टेम्पो कंपनीशी करार करून गोरेगावात तीनचाकी काढायला सुरुवात केली. पुढे आकुर्डीला गेलेल्या त्या बजाज टेम्पोने ऐंशीच्या दशकात डाइमलर-बेंझच्या परवान्याने हेच इंजिन भारतात बनवायला घेतलं. ते टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसलं, ट्रॅक्स जीपमध्ये बसलं, नंतर कंपनीचं नाव फोर्स झाल्यावर त्याचीच वाढवलेली आवृत्ती गुरखा जीपमध्येही बसली. आणि ट्रॅव्हलरचा कारखाना पीथमपूरला, इंदूरपासून तासाभराच्या आत. १९९१ पूर्वी ज्या देशात आयात कराची वरची पायरी तीनशे टक्क्यांच्या पुढे होती, त्या देशात श्रीमंतांच्या श्रीमंत गाडीचं काळीज सेंधव्याच्या बिजासन घाटातून वीस-वीस माणसं भरून धुळ्याकडे चाललं होतं. टपावर कोंबड्या.

या इंजिनाने जगात काय काय केलं त्याचा कळस एका ग्रीक टॅक्सीवाल्याकडे आहे. थेसालोनिकीचे ग्रेगोरिओस साचिनिदिस यांनी १९८१ साली १९७६ ची एक २४० डी जुनी विकत घेतली. दादाच्या गाडीच्या आधीच्या पिढीची, इंजिन तेच कुटुंब. घेतली तेव्हा तिच्यावर दोन लाख वीस हजार किलोमीटर झाले होते. २००४ साली त्यांनी ती मर्सिडीजच्या संग्रहालयाला दिली, तेव्हा आकडा होता ४६ लाख. इंजिनं मधून आलटूनपालटून बदलली, ते त्यांनी लपवलं नाही. पण सांगाडा एकच. तेवीस वर्षांचा भागाकार केला तर रोज ५२० किलोमीटर येतात, एकही सणवार न सोडता. इंदूर ते मुंबई ५८५ किलोमीटर धरा. हा माणूस साधारणपणे पावणेचार हजार वेळा मुंबईला जाऊन परत आला असता. आपण वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवतो, म्हणून ४६ लाखांचा आकडा गाठायला आपल्याला ४६० वर्षं लागली असती, म्हणजे तालिकोटच्या लढाईच्या सुमारास निघायला हवं होतं. नॅट्रॅक्सच्या चार लाख सात हजार फेऱ्या, आणि २४० डी च्या अत्युच्च वेगाने न थांबता म्हटलं तर तीन वर्षं आठ महिने. जगातला याहून मोठा आकडा एका अमेरिकन गृहस्थांच्या व्होल्वोचा आहे, हेही सांगून टाकतो, नाहीतर व्होल्वोवाले रागावतात.

आता गाडी सजवण्याचा विषय. इंदूरकरांनी या विषयात कुणाकडून शिकायचं कारण नाही, कारण आमच्याकडे यशवंतराव होळकर, दुसरे, होऊन गेले. या राजाने माणिकबाग महाल बर्लिनच्या एकार्ट मुथेसियसकडून बांधून घेतला आणि १९३५ च्या सुमारास अमेरिकेतली ड्युसेनबर्ग एसजे मागवली. म्हणजे चेसिस आणि इंजिन अमेरिकेचं, त्यावरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून करून घेतलेली, रंग भगवा आणि काळा. आठ सिलिंडर, ६.९ लिटर, सुपरचार्जर, ३२० अश्वशक्ती, लांबी सहा मीटरच्या आसपास. दादाच्या गाडीसारख्या साडेचार गाड्यांची ताकद, आणि तीही पन्नास वर्षं आधी. अशी दुसरी गाडी नाही. ड्युसेनबर्गची जे मालिका सगळी मिळून ४८० च्या घरात. त्या राजवाड्यापासून रांगेत लावल्या तर पलासिया गाठता गाठता रांग संपेल. तिकडे डब्ल्यू १२३ ची रांग पृथ्वी भेदून समुद्रात बाहेर पडते. एकाने एकासाठी केलेली गाडी आणि सत्तावीस लाखांसाठी केलेली गाडी, यात जास्त अवघड काय, असं मला विचाराल तर मी दुसरीच्या बाजूने हात वर करीन. एक शून्य-दोष वाल्व कुणीही कुशल कारागीर घडवील. दोन कोटी घडवायचे म्हणजे वेगळीच विद्या लागते. आणि माणिकबागेत आज काय आहे? सीमाशुल्क आणि उत्पादनशुल्काचं कार्यालय. परदेशी गाडी आणणाऱ्या राजाच्या घरी आयातकराची माणसं बसली आहेत, याहून नेटका विनोद इतिहासाला सुचला नसता.

दादाला मात्र होळकरी वारा लागलेला आहे. मध्यंतरी त्याने सतरा इंची अलॉय बघून ठेवले होते. मूळ चाक चौदा इंची, त्यावर बॉडीच्या रंगाचं टोपण. मला विचाराल तर त्या टोपणातच गाडीचा अर्धा रुबाब आहे आणि सतरा इंची चाकांवर ती लग्नाच्या घोड्यासारखी दिसली असती. पण दादा माझं ऐकणार नाही म्हणून मी त्याला आकडा दिला. टायरचा बाहेरचा घेर पाच टक्क्यांनी वाढला तर मीटर पाच टक्के कमी दाखवतं, म्हणजे पुढच्या तीन लाखांत पंधरा हजार किलोमीटर हिशोबाबाहेर. ज्या गाडीची सगळी अब्रू मीटरमध्ये आहे, तिची ही लूट. मर्सिडीज अडीच लाखांपासून दहा लाखांपर्यंतच्या किलोमीटरसाठी जाळीवर लावायचे बिल्ले देत आली आहे, हे ऐकल्यावर अलॉयचा विषय बंद झाला.

कायद्याचे आकडे आणखी बोलके आहेत. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की कारखान्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. मोटार वाहन कायद्यात अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. रंग बदलायचा तरी आरटीओच्या दप्तरी नोंद हवी. वीस वर्षांवरच्या परदेशी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण २०२५ पासून ८० हजार रुपये, देशी गाडीला १० हजार. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी देशात आणता येत नाही, आणि विंटेजची वाट पन्नास वर्षांनंतर उघडते. मधल्या सत्तेचाळीस वर्षांतल्या गाडीला दार बंद. म्हणून ऐंशीच्या दशकातल्या ज्या जर्मन गाड्या आज देशात आहेत, त्यांच्यात भर पडत नाही, नुसती गळती आहे. १९९५ पासून पुण्याला जोडलेल्या डब्ल्यू १२४ आहेत म्हणा, ज्यांचा आराखडा १९८४ चा. एकच वायपर, पण तो कोपऱ्याकडे हात लांबवत काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. मराठी माणसाने जोडलेली म्हणून मला ती जवळची वाटते, दादाला नाही.

विंटेज नोंदणीचे नियम २०२१ चे आहेत. पन्नास वर्षं पुरी, पहिल्या नोंदणीला २० हजार, दहा वर्षांची मुदत, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला बंदी. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. दादाच्या गाडीची पन्नाशी २०३५ ला. आणि नेमकं आताच इंजिनाने मोबिल खायला सुरुवात केली आहे, चढावर निळा धूर, थंडीत उठायला कुरकुर. मिस्त्रीचा सल्ला सरळ होता: ट्रॅव्हलरचं चांगल्या हालतीतलं इंजिन आणू, बसवू, काम खलास. घराणं तेच आहे, बरेच भाग एकमेकांत बसतात. पण इंजिनाच्या ब्लॉकवर नंबर कोरलेला असतो आणि तो आरसी बुकात लिहिलेला असतो. पीथमपूरचं इंजिन आत गेलं की ही गाडी कागदावर दुसरीच होते, आणि २०३५ ची ‘व्हीए’ पाटी गेली.

शेवटी ठरलं असं की ब्लॉक जर्मन, त्याच्या नंबरासकट, जागच्या जागी. बोअर करून त्यात पिस्टन, रिंगा, बेअरिंगं देशी माल बसवायचा. हा फेरफार की दुरुस्ती, यावर आरटीओसमोर वकिली करायची दादाची तयारी आहे. दहा वर्षांचा अवधी आहे आणि वहिनींचे भाऊ वकील आहेत. मिस्त्रीने पंप काढून कॅलिब्रेशनला पाठवला आहे आणि हेड सपाट आहे का ते पट्टी लावून बघतोय. बिल किती होईल, असं दादाने विचारलं तेव्हा त्याने ओठ पुसले आणि म्हणाला, “ट्रॅक्सवाला भाव लगाऊँ या मर्सिडीजवाला?”